बिऱ्हाड पाठीवर



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपण येताजाता वापरतो. पण विंचवीण सुखी म्हणायची. तिचं बिऱ्हाड म्हणजे तिची पिल्लं. ती आपणहून पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकली की आपणहून उतरतात. माणसाला आपलं बिऱ्हाड स्वतःच्या हातानं भरावं लागतं, स्वतःच उचलावं लागतं आणि संध्याकाळी मुक्कामाला स्वतःच सोडावं लागतं. चार-पाच दिवस डोंगरात चालायला, रानात राहायला निघालेल्या माणसाच्या पाठीवरच्या या बिऱ्हाडाविषयी आज मी बोलणार आहे. त्याला कोणी सॅक म्हणतं, कोणी हॅवरसॅक, कोणी पाठपिशवी. मी आपलं सॅक म्हणतो, कारण आमची मुलं तोच शब्द वापरतात.

मी राहतो अक्कलकुव्याला. नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा हा तालुका. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावातून जातो, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे आणि गावाच्या उत्तरेला पाहिलं की सातपुडा उभा. देवगोईचा घाट चढून मोलगीला गेलं, की पुढे डोंगरामागे डोंगर, थेट नर्मदेच्या पाण्यापर्यंत. कॉलेजातल्या मुलामुलींना घेऊन या डोंगरात चालत जाण्याचा उद्योग मी बरीच वर्षं करतो आहे. मुलांत निम्मी तरी याच डोंगरातली, वसावे, पाडवी, तडवी या आडनावांची असतात. उरलेली सपाटीवरची, तळोद्याची, शहाद्याची, क्वचित धुळ्याची.

पुण्या-मुंबईकडच्या गिर्यारोहकांना सह्याद्री पाठ असतो. सह्याद्रीतला किल्ला म्हणजे बहुधा एका मुक्कामाचं काम. पायथ्याच्या गावापर्यंत एसटी जाते आणि पुष्कळ किल्ल्यांवर आता पिठलं-भाकरीही मिळते. सातपुड्याची तऱ्हा वेगळी. इथं एक शिखर गाठून परत फिरायचं नसतं. एक धार चढायची, दरीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा धार चढायची. वस्ती एका जागी दाटलेली नसते. या टेकडीवर एक घर, पलीकडच्या उतारावर दुसरं, असे पाडे विखुरलेले. मोलगीचा बाजार मागे पडला की भरवशाचं दुकान नाही. म्हणून सॅकमध्ये काय घातलं आणि कसं घातलं, याला इथं जरा जास्तच किंमत आहे. सॅक चुकली तर तिचा भार फक्त आपल्याच खांद्यावर राहत नाही, तो दुसऱ्या कोणावर तरी जातो. कसा, ते पुढे सांगतो.

आधी खरेदीचं बोलू. दुकानात गेल्यावर मुलं रंग पाहतात, मग खिसे मोजतात. मी त्यांना सांगतो, पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप धरायची. ही तुमच्या पाठीची लांबी. सॅक या मापाची हवी, उंचीच्या मापाची नव्हे. सहा फुटी मुलाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात, बुटक्या मुलीची पाठ त्याच्याएवढी असू शकते. बऱ्याच सॅकना आता पाठ कमी-जास्त करायची सोय असते. ती असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट कमरपट्टा. पुष्कळांना वाटतं की सॅक खांद्यांनी उचलायची असते आणि कमरेचा पट्टा सॅक हलू नये म्हणून असतो. खरं तर उलट आहे. निम्म्याहून जास्त वजन कमरेच्या हाडांवर आणि तिथून पायांवर जायला हवं. खांद्यांनी सॅकला फक्त पाठीशी धरून ठेवायचं. त्यामुळे पट्टा जाड हवा, मऊ हवा, आणि पोटावर नव्हे तर त्या हाडांवर बसायला हवा. बाजारात अशा सॅका ढिगानं मिळतात ज्यांचा कमरपट्टा म्हणजे पायजम्याच्या नाडीसारखी नुसती बोटभर रुंद पट्टी असते. त्या प्रवासाला ठीक, शाळेला ठीक. दहा किलो घेऊन चार दिवस चालायला त्या उपयोगाच्या नाहीत, मग त्यांच्यावर कोणत्याही नामांकित कंपनीचं चिन्ह शिवलेलं असो. ते चिन्ह बऱ्याचदा त्या कंपनीनं शिवलेलं नसतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

हा कमरपट्टा तसा अलीकडचा शोध आहे. नॉर्वेमधल्या ओले बर्गन नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाठीच्या आकाराची चौकट लावलेली पिशवी केली. १९५२ साली अमेरिकेत डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट असलेल्या सॅका विकायला काढल्या आणि वजन कमरेवर घ्यायची कल्पना रुजवली. १९६७ च्या सुमारास ग्रेग लो यांनी चौकट पिशवीच्या आत घातली. आज आपण वापरतो ती सॅक साधारण याच घराण्यातली. पण माझ्या मते यातलं मुख्य तत्त्व आपल्या पडशीला आधीपासून ठाऊक होतं. पडशी म्हणजे दोन तोंडांची लांब झोळी. एक तोंड छातीवर, एक पाठीवर. वजन पुढे-मागे विभागलेलं आणि अंगाला चिकटलेलं. वाकायला लागत नाही. जुने फिरस्ते, फेरीवाले तीच खांद्यावर टाकून गावोगाव जात. डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी नेणारी बाईसुद्धा हेच करते. वजन बरोबर पाठीच्या कण्याच्या वर ठेवते.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीकडे लक्ष दिलं आहे. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या डोक्यावर ओझं नेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास छापून आला. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ जादा ऊर्जा न खर्चता नेतात असं त्यात दिसलं. २००५ साली 'सायन्स'मध्ये नेपाळच्या हमालांची मोजमापं आली. कपाळावरच्या पट्ट्यानं भार तोलणारे तिथले पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेत होते. हे वाचून आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मग मी वीस किलो सहज नेईन." मी म्हटलं, "बाबा, तू लहानपणापासून नेलं आहेस का? मग नाही नेणार."

तर नेमकं किती न्यावं? डोंगरात चालणाऱ्यांमध्ये एक साधा हिशेब चालतो. धडधाकट माणसानं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत न्यावं, अगदी गरज पडली तर चौथ्या हिश्श्यापर्यंत, त्यापुढे नाही. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये असा आदेश महाराष्ट्र शासनानं २०१५ साली काढला, तो पालक श्रोत्यांना आठवत असेल. मोठ्या माणसाला त्याच्या दुप्पट धरा.

आता साठ किलोच्या मुलाचा हिशेब करू. त्याचा वाटा बारा किलोचा. रिकामी सॅकच पावणेदोन-दोन किलोची असते. हिवाळ्यात पांघरायची स्लीपिंग बॅग दीड किलो. खाली टाकायची मॅट चारशे ग्रॅम. कपडे दीड किलो. चार दिवसांचा कोरडा शिधा, रोज सहाशे ग्रॅम धरला तर, दोन किलो चारशे. पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो. तंबू, भांडी, स्टोव्ह यांतला त्याचा वाटा दीड किलो. टॉर्च, औषधं, दोरी, किरकोळ असं आठशे ग्रॅम. बेरीज करा, तेराच्या आसपास जाते. म्हणजे चैनीची एकही वस्तू न घेता बारा किलो ओलांडले. आणि पंचेचाळीस किलोच्या मुलीचा वाटा नऊच किलोचा आहे. म्हणून आमच्याकडे सामायिक सामान सारखं वाटत नाहीत, माणसाच्या वजनाप्रमाणे वाटतात. यावर दर वर्षी वाद होतो. गंमत म्हणजे वाद मुलीच घालतात. डोंगरातल्या मुली लहानपणापासून मोळ्या आणि हंडे वाहत आलेल्या. त्या सपाटीवरच्या मुलांना चालण्यात सहज मागे टाकतात आणि "आम्हाला कमी का?" असं विचारतात. पण घरी जास्त वाहावं लागतं हे इथंही जास्त वाहायचं कारण होऊ शकत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी सोडलेलं नाही.

एवढ्या सामानाला पन्नास ते साठ लिटरची सॅक पुरते. मोठी घेऊ नका. रिकामी जागा राहिली की माणसाचा हात काहीतरी भरायला जातोच. आणि दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात पाहू नका. पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन सोबत न्या, सॅकमध्ये घाला आणि दुकानातच पंधरा-वीस मिनिटं फिरा, जिना चढा-उतरा. दुकानदार हसला तर हसू द्या. कुठं काचतंय ते तिथंच कळतं.

सॅक अंगावर चढवायचीही एक रीत आहे. सगळे बंद आधी सैल करायचे. वरच्या कडीला धरून सॅक मांडीवर घ्यायची आणि मग एक-एक हात घालायचा. एका खांद्याच्या बंदाला धरून झटक्यात उचलायची नाही, त्यानं शिवण उसवते आणि पाठही. मग प्रथम कमरपट्टा आवळायचा, नंतर खांद्याचे बंद, शेवटी खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे. ते साधारण तिरपे, पंचेचाळीस अंशांत राहिले म्हणजे माप बरोबर. चालताना तासाभरानं हे सगळं थोडं सैल-घट्ट करत राहायचं, म्हणजे एकाच जागी रग लागत नाही.

आता भरण्याकडे वळू. घरात ऐकत असाल तर एक प्रयोग आत्ताच करून पाहा. ज्वारीची पाच किलोची पिशवी छातीशी धरून उभे राहा. मग तीच पिशवी हात लांब करून धरा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी मिनिटभरात दंड भरून येतील. सॅकचं तसंच आहे. जड वस्तू पाठीपासून जेवढी लांब, तेवढी ती आपल्याला मागे ओढते, आणि मग आपण पुढे वाकून चालायला लागतो. म्हणून जड वस्तू मधोमध, पाठीला अगदी लागून. शिधा, भांडी, पाण्याचा साठा तिथं. तळाला हलकं आणि मऊ, जे रात्रीपर्यंत लागणार नाही ते, म्हणजे स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे. बाहेरच्या अंगाला बाकीचे कपडे कोंबायचे, म्हणजे भांडी टोचत नाहीत आणि हलत नाहीत. वर वाटेत लागणारं, रेनकोट, औषधांची डबी, खाऊ. एका बाजूला पाण्याची बाटली ठेवली तर दुसऱ्या बाजूलाही तेवढंच वजन हवं. कातळाच्या उतारावरून किंवा ओढ्यातल्या गोट्यांवरून जायचं असेल त्या दिवशी जड वस्तू वीतभर खाली सरकवाव्यात. वरचं वजन तोल घालवतं.

आणि बाहेर काही लटकवायचं नाही. ना पातेलं, ना मग, ना चपला, ना ओला टॉवेल. याविषयी मी फार कडक आहे, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही मोलगीच्या पुढे नर्मदेच्या दिशेनं उतरत होतो. आमच्या पुढे शहरातून आलेला एक गट होता. त्यांतल्या एका मुलाच्या सॅकला मागे मोठं पातेलं बांधलेलं होतं आणि बाजूला गुंडाळलेली मॅट आडवी लावलेली. उतारावर बांबूच्या बेटातून वाट जात होती. मॅटचं टोक बांबूत अडकलं, मुलगा गर्रकन फिरला आणि पाच-सहा फूट खाली गोट्यांवर पडला. घोटा मोडला होता. फोनला रेंज नव्हती, रस्ता तीन तासांवर. जवळच्या पाड्यावर आमच्यातला एक मुलगा धावत गेला. तिथून चौघं जण आले. येताना एक बांबू आणि एक जाड चादर घेऊन आले. दहा मिनिटांत झोळी तयार झाली. या डोंगरातल्या पाड्यांवर आजारी माणूस, अडलेली बाळंतीण अशीच झोळीतून रस्त्यापर्यंत येते. त्यांना हे काम कोणी शिकवावं लागलं नाही. दोघं पुढे-मागे, दोघं सोबत, दर काही पावलांनी खांदा बदलायचा, चढावर पुढच्यानं खाली वाकायचं आणि मागच्यानं हात वर करायचे म्हणजे झोळी समतल राहते. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते ते. पहाटे पडलेली फुलं त्याच दिवशी उचलली नाहीत तर गुरं, रानडुकरं खातात. घरातले हात त्याच कामाला लागलेले असताना ते चौघं दिवसभर आमच्याबरोबर होते.

रस्त्यावर जीप मिळाली, मुलगा मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात गेला. मागे त्याची सॅक राहिली, ती आम्ही आळीपाळीनं आणली. मोलगीत किराणा दुकानाच्या काट्यावर सहज ठेवून पाहिली तर एकोणीस किलो भरली. त्या गटाच्या मुलांनी ती आमच्या समोरच उघडली. तीन जीन्स, गोड पाकातल्या फळांचे दोन डबे, अत्तराची बाटली, पत्त्यांचे दोन कॅट, लोखंडी तवा, आणि घरून आईनं दिलेले लाडू, ते मात्र सगळे शाबूत. झोळी वाहणाऱ्यांतला वयानं मोठा असलेला माणूस शेजारी उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "सर, एवढं सगळं त्याला कुठं लागणार होतं?" टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्याजवळ त्या दिवशी एक कोयता, बिड्या आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी होती.

पाठीवरचा भार दुसऱ्यावर जातो, असं मी मघाशी म्हटलं ते या अर्थानं. जास्त नेलं की असं होतं. कमी नेलं तरी होतं, पण ते लवकर दिसत नाही. काही जण अभिमानानं सांगतात की आम्ही फक्त पाण्याची बाटली घेऊन फिरलो, गावातली माणसं फार प्रेमळ, जाऊ तिथं जेवायला वाढतात. वाढतात, खरं आहे. पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही ही इथली रीत आहे. पण उतारावरच्या वावरात पिकलेली ज्वारी, मका, भगर वर्षभर पुरतेच असं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कणग्या तळाला गेलेल्या असतात. दहा जणांचा गट एका घरी दोन वेळा जेवला तर त्या घराचे किती दिवस गेले, याचा हिशेब पाहुण्यांनी करायचा असतो, कारण घरमालक तो कधीच सांगणार नाही. म्हणून आपला शिधा आपण न्यायचा, आणि एका वेळचा जास्त न्यायचा. कोणाच्या अंगणात मुक्काम केलाच तर डाळ, मीठ, गूळ, चहापत्ती त्यांच्या चुलीपाशी ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. पैसे पुढे केले की इथली माणसं संकोचतात, शिधा चालतो.

शिध्याचं म्हणाल तर आमच्या भागातच त्याची उत्तम सोय आहे. मोलगीची भगर घ्या. आपण तिला उपासाचा पदार्थ करून टाकलं आहे, पण डोंगरात तिच्यासारखं धान्य नाही. हलकी, लवकर शिजते, म्हणजे इंधन कमी लागतं. मूगडाळ घालून खिचडी करा. सोबत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, भाजलेलं पीठ. आंबटाला मोलगी-धडगावकडचं आमचूर, चिमूटभर पुरतं. पहिल्या दिवसासाठी दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरून. पहिल्याच दिवसासाठी म्हणतो, कारण भाकरीत पाणी असतं आणि पाणी वाहून नेणं म्हणजे वजनच. डबाबंद पदार्थ नकोत. त्यात डबा आणि पाणी यांचंच वजन जास्त, शिवाय रिकामा डबा परत आणावा लागतो. मी 'लागतो' म्हणतो, सगळे आणतातच असं नाही. बिस्किटं, शेव यांची वेष्टनं घरीच काढून माल कापडी पिशव्यांत भरला तर कचऱ्याचा प्रश्न निघण्यापूर्वीच सुटतो.

पाण्याचा हिशेब ऋतूवर आहे. दिवाळीपर्यंत ओढे वाहते असतात, तेव्हा दोन लिटर जवळ असलं तरी चालतं. मार्चनंतर ओढे आटतात, तीन-चार लिटरला पर्याय नाही. ओढ्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्यावं. क्षारसंजीवनीची पाकिटं सॅकच्या वरच्या कप्प्यात, तळाला नाही. मच्छरदाणी किंवा मलम हवंच, नर्मदाकाठाला हिवताप नवा नाही. सापाच्या दंशावर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करायचं नाही, माणसाला हलू न देता मोलगी किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णालयाची वाट धरायची. त्यासाठी निदान एक मजबूत चादर आपल्याजवळ असावी हे त्या दिवशी आम्ही शिकलो. तेव्हापासून गटात एक असतेच.

थंडीबद्दल सपाटीवरच्यांचा नेहमी गैरसमज होतो. नंदुरबार म्हणजे उन्हाचा जिल्हा, असं म्हणून पातळ चादर घेऊन येतात. आमच्याच तालुक्यातल्या डाब परिसरात कडक हिवाळ्यात पहाटे गवतावरचं दव गोठलेलं लोकांनी पाहिलं आहे. डिसेंबर-जानेवारीत कपड्यांच्या पाच जोड्या नेण्यापेक्षा दोन जोड्या आणि एक चांगला स्वेटर, कानटोपी नेलेली बरी. पावसाळ्यात सॅकवर घालायचं आवरण पुरत नाही, कारण पाणी पाठीवरून ओघळत आत शिरतं. सॅकच्या आतच जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. चाळीस-पन्नास रुपयांत काम होतं. जीन्स तर बाराही महिने नको. भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि ओली जीन्स मांड्या सोलून काढते.

ओझ्याची जाण पाहायची असेल तर दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जा. शेजारच्या अक्राणी तालुक्यातलं हे शिखर तेराशे मीटरहून उंच आहे. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा याच डोंगरात फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला खानदेशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून हजारो माणसं तळोद्याला जमतात आणि तिथून चालत निघतात. अनेकांच्या अंगावर सॅक नसते. एक गोधडी गुंडाळून, तिची दोन टोकं बांधून, जानव्यासारखी आडवी खांद्यावरून घेतलेली. तिच्याच घडीत भाकरी आणि फराळाचं. दोन्ही हात मोकळे. चढावर हात टेकता येतात, तोल जात नाही, आणि रात्री गाठ सोडली की अंथरूण तयार. नवी, चकचकीत सॅक घेतलेली मुलं त्याच चढावर बसून बंद सैल-घट्ट करताना दिसतात. मी सॅकच्या विरोधात नाही. चार दिवसांचा शिधा आणि पाणी गोधडीत मावणार नाही. पण काय न्यायचं हे ठरवण्यात ती माणसं आपल्यापेक्षा तयार आहेत.

आता शेवटी वाटाड्यांविषयी. इकडे एकट्यानं फिरू नये. निघण्याआधी तळोद्याच्या मेवासी वनविभागाकडे चौकशी करावी आणि ज्या गावातून जायचं तिथल्या पोलीस पाटलांना किंवा कारभाऱ्यांना कळवावं. बिबट्या, अस्वल या भागात आहेत, शिवाय वाटा फुटतात फार. सोबत गावातला माणूस घ्यावा. पण वाटाड्या म्हणजे हमाल नव्हे, हे आधी स्वतःला सांगावं. सामान उचलायला माणूस हवाच असेल तर ते वेगळं काम, वेगळी मजुरी. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर हमालाला पाहुण्याचं सामान २० किलोपेक्षा जास्त द्यायचं नाही असा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे आणि दरवाजावर वजन करतात. आपल्याकडे असा काटा कोणी लावलेला नाही. आम्ही आमच्यापुरता पंधरा किलोंचा लावला आहे. मजुरी निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर ठरवायची, आणि परतीच्या रिकाम्या वाटेचीही द्यायची, कारण तो दिवसही त्याचाच जातो. रात्री त्याला पांघरूण आहे का, हे विचारायचं. नसतं बहुतेक वेळा. म्हणून आमच्या सामायिक सामानात एक जादा ब्लँकेट असतं. सातशे ग्रॅमचं. ते कोणी न्यायचं यावर आजवर कधी वाद झाला नाही.

परत आल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकू नका. सगळे खिसे उलटे करा, उन्हात वाळवा, बंदांच्या शिवणी तपासा. गुळाचा एखादा खडा जरी आत राहिला तरी उंदीर तो शोधतात, आणि ते चेन उघडत बसत नाहीत. आमच्या कॉलेजच्या कपाटातल्या दोन चांगल्या सॅकना त्यांनी बाहेरून वेगळे दरवाजे करून दिले आहेत. त्यांवर ठिगळं लावली, त्या अजून चालतात. या हिवाळ्यात पुन्हा मोलगीकडे निघू, तेव्हा त्याच नेऊ.